गयानाला कामाला येताय? बॅग भरायच्या आधी नद्या मोजा, मग किलोमीटर

परवा चुलतभावाचा मेसेज आला, दादा ऑफर लेटर आलं, जॉर्जटाऊन, काय काय घेऊन येऊ आणि एअरपोर्टपासून साइट किती किलोमीटर आहे. पहिलं उत्तर दिलं की आधी घरच्यांना नीट सांग, घाना नाही गयाना, घाना आफ्रिकेत आहे, कारण माझी आई पहिले सहा महिने सगळ्यांना घानाच सांगत होती. आणि दुसरं उत्तर हे की किलोमीटर विचारू नको, मध्ये नदी कुठली लागते ते विचार. हे एवढं एक डोक्यात बसलं तर बाकीची तयारी आपोआप बरोबर होते, तरी त्याला जे लिहिलं तेच जरा वाढवून इथे टाकतोय, दर वेळी नवीन माणसाला तेच तेच टाइप करून बोटं दुखतात.

आधी देश कसा आहे ते बघा म्हणजे यादी का अशी आहे ते कळेल. नकाशावर दक्षिण अमेरिकेत, पण कारभार सगळा कॅरिबियन, कॅरिकॉम म्हणजे कॅरिबियन देशांची संघटना, तिचं हेडऑफिसच जॉर्जटाऊनला आहे, बोली इंग्रजी, क्रिकेट वेस्ट इंडिजकडून. आकार साधारण महाराष्ट्राच्या दोन तृतीयांशापेक्षा थोडा जास्त आणि लोकसंख्या 2022 च्या जनगणनेत पावणेनऊ लाख, म्हणजे एकट्या नाशिक शहरापेक्षा कमी. आणि त्यातले बहुतेक लोक समुद्राकाठच्या एका बारीक पट्टीवर राहतात जी भरतीच्या पातळीच्याही खाली आहे, सी-वॉल आणि कोकर म्हणजे पाणी सोडायचे दरवाजे यांच्या जिवावर ती कोरडी राहते. रस्ता, वीज, फायबर, मोबाइल टॉवर सगळं त्या पट्टीला धरून. पट्टीला आडव्या कापत जाणाऱ्या नद्या, डेमेरारा, बर्बिस, एसेक्विबो, आणि पट्टीच्या मागे नुसतं जंगल. 2015 ला समुद्रात तेल सापडलं, 2019 च्या शेवटी निघायला लागलं आणि आता जिकडे बघाल तिकडे खोदकाम चालू आहे, म्हणून तर आपल्याला ऑफर लेटरं येतायत.

आता कागदपत्रं. सगळ्यात आधी यलो फीव्हरची लस, हे लोक शेवटच्या आठवड्यात करतात आणि फसतात. सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, पिवळं कार्ड मिळतं, ते घेतल्यावर 10 दिवसांनी चालू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. गयानातून परत भारतात येताना कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात, गंमत नाही. दुसरं म्हणजे तिकीट. भारतातून थेट विमान नाही, कुठेतरी बदलायचं असतंच, न्यूयॉर्क-मायामी मार्गे असेल तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो, पनामामार्गे किंवा युरोपातून वेगळे नियम, त्यामुळे कंपनीच्या एचआरने तिकीट पाठवलं की नुसतं थँक्यू म्हणू नका, मार्ग बघा. माझ्याबरोबर एकाला मुंबईतच काउंटरवरून परत पाठवलं होतं ह्याच कारणाने. गाडी चालवायची असेल तर आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून आणा, गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात ते एक बरंय.

फोनची तयारी घरूनच करा. हँडसेट अनलॉक्ड आणि ड्युअल सिम हवा, एका खणात भारतातलं सिम रोमिंग चालू करून, कारण बँकेचा ओटीपी. मी आलो तेव्हा रोमिंग चालू केलं नव्हतं, एका बँकेचं खातं चार महिने नुसतं बघत बसलो, लॉगिन करता येईना आणि कस्टमर केअरचा 1800 वाला नंबर बाहेरून लागेना. जमलं तर बँकेला ओटीपी ईमेलवरही पाठवायला सांगून ठेवा. दुसऱ्या खणात इकडचं सिम. जुनी सरकारी टेलिफोन कंपनी जीटीटी, तिचं नाव आता वन कम्युनिकेशन्स, दुसरी डिजिसेल जी सगळ्या कॅरिबियनमध्ये आहे, आणि तिसरी ई-नेटवर्क्स. 2020 च्या ऑक्टोबरपर्यंत लँडलाइन आणि परदेशी कॉलवर एकाच कंपनीची मक्तेदारी होती, तीस वर्षं, त्यामुळे जुने लोक अजून नेटच्या किमतीबद्दल बोलायला लागले की थांबत नाहीत. देशाचा कोड 592 आणि पुढे सातच आकडे, नंबर अपुरा वाटतो पण बरोबर असतो. पोलिस 911, आग 912, अ‍ॅम्ब्युलन्स 913, हे तिन्ही उतरल्या उतरल्या सेव्ह करा, आपल्या 112 ची सवय इथे कामाची नाही. दुकानदार, टॅक्सीवाला, घरमालक सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर असतात, तिथेच बोला. भारत साडेनऊ तास पुढे आहे, म्हणजे आईला फोन करायची वेळ सकाळी साडेसात ते दहा, इकडे दुपार झाली की तिकडे झोपलेले.

चार्जरचं काय? फोन-लॅपटॉपचे चालतात, पण बऱ्याच ठिकाणी 110 च्या आसपास व्होल्टेज आणि अमेरिकन चपटी पिन, त्यामुळे घरचा मिक्सर आणू नका, फिरतो पण चटणी होत नाही. वहिनींनी आग्रह केला तरी नको, इथे मिळतो. लाइट जाते आणि येताना झटका देऊन येते, म्हणून चांगला सर्ज प्रोटेक्टर आणि मोठी पॉवरबँक. लाइट गेली की वायफाय जातं, मग सगळी गल्ली मोबाइल डेटावर पडते आणि तोही रांगतो, ऑफिसची मीटिंग असेल तर दोन कंपन्यांची सिमं असलेली बरी.

आता रस्ता, ह्यावर जरा जास्त लिहिणार कारण माझं पोट ह्यावर आहे. एअरपोर्ट टिमेरीला, शहरापासून साधारण 40 किलोमीटर दक्षिणेला, डेमेराराच्या काठाकाठाने ईस्ट बँक रोड. चाळीस किलोमीटर म्हणजे तासाभरात पोचू असं आपल्याला वाटतं, सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी चारनंतर तो तास दोन कधी होतो कळत नाही, तेलाच्या पैशाने गाड्या भसाभस वाढल्या आणि रस्ता नदी आणि उसाच्या कालव्यांमध्ये दाबलेला. नवीन बायपास झालेत, होतायत. नाशिकच्याच अशोका बिल्डकॉनला ओगल ते एकल्स हा ईस्ट कोस्ट आणि ईस्ट बँक जोडणारा चौपदरी रस्ता मिळाला, भारताच्या एक्झिम बँकेच्या कर्जातून. मी त्या कामावर नव्हतो, पण नाशिकचं नाव बोर्डावर वाचून उगाच छाती फुगली. तसं प्रॉव्हिडन्सचं क्रिकेट स्टेडियमही 2007 च्या वर्ल्डकपसाठी आपल्याच पैशाने आणि शापूरजी पालनजीने बांधलेलं.

साइटवर येणाऱ्या इंजिनिअर मंडळींनी एक मानसिक तयारी करून यायची, इथे खडी नाही. आपल्याकडे कुदळ मारली की काळा दगड, इथे किनाऱ्यावर नुसता निळसर चिखल, खोल, मऊ, लोण्यासारखा. खडी येते बार्टिकाकडच्या खाणींतून बार्जवर, म्हणजे माल वाहायच्या सपाट बोटीवर, नदीने, वाळू लिंडनच्या रस्त्याकडून ट्रकने. म्हणजे बार्ज अडली की तुमचा शेड्यूल अडला. आपल्याकडचे बार चार्ट इथे चिकटवू नका, भरावाला बसायला वेळ द्यावा लागतो, जिओटेक्स्टाइल म्हणजे मातीखाली अंथरायचं कापड घाला, सरचार्ज म्हणजे माती दाबायला वरून जादा भार ठेवा, वाट बघा. गमबूट मात्र इथेच घ्या, घरून आणलेले दोन आठवड्यांत गेले.

पूल आता. जुना डेमेरारा हार्बर ब्रिज 1978 चा, 1.85 किलोमीटर लांब आणि चक्क तरंगणारा, जहाज जायचं असेल तेव्हा रोज ठराविक वेळी मधला भाग मागे ओढून रस्ता बंद. पूल कधी उघडणार ते आदल्या दिवशी बघून लोक लग्नाला निघायचे. 5 ऑक्टोबर 2025 ला शेजारी नवा चौपदरी केबल-स्टेड, म्हणजे खांबांवरून तारांनी पेललेला, पूल चालू झाला, चिनी कंपनीने बांधलेला, जहाजं खालून जातात, त्यामुळे पश्चिमेला राहायला घर घ्यायचं की नाही हा प्रश्न बराच सुटला. पण बर्बिसचा 2008 चा पूल अजून तरंगताच आहे, न्यू अ‍ॅमस्टरडॅमकडे मीटिंग असेल तर त्याच्या उघडण्याची वेळ बघूनच निघा. आणि एसेक्विबोच्या मुखावर पूलच नाही. तिथे पारिकाच्या स्टेलिंगवर जायचं, स्टेलिंग म्हणजे जेट्टी, डच शब्द आहे, आणि तिथून सुपेनामला किंवा बार्टिकाला स्पीडबोट, तासाभरात. लाइफ जॅकेट देतात, घाला, लाजू नका. पाठीवरच्या बॅगेतलं सगळं प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, लॅपटॉप तर दुहेरी, लाटेवर बोट आपटली की मागच्या सीटवाल्याची आंघोळ ठरलेली.

गावात फिरायला मिनीबस. टोयोटाची व्हॅन, 15 सीट, गाणी एवढी मोठी की छातीत ठोके. नंबर पाठ करा, 42 टिमेरी, 32 पारिका, 43 लिंडन, 44 ईस्ट कोस्टला महैका. टाइमटेबल नाही, भरली की निघते, आपल्या काळीपिवळीसारखंच की. उतरायचं असेल तिथे मोठ्याने सांगायचं. सुट्टे पैसे हवेत, गयानीज डॉलर, एका अमेरिकन डॉलरला दोनशेच्या वर मिळतात, पहिल्या दिवशी हजाराच्या नोटा बघून श्रीमंत झाल्यासारखं वाटतं, मग जेवणाचं बिल येतं. रात्री एकट्याने मिनीबस टाळा, ओळखीचा टॅक्सीवाला धरून ठेवा.

ट्रेन नाही. म्हणजे होती, आणि ऐकून मी उडालो होतो, इथली रेल्वे 1848 ला जॉर्जटाऊन ते प्लेझन्स सुरू झाली, आपल्या बोरीबंदर-ठाण्याच्याही पाच वर्षं आधी, दक्षिण अमेरिकेतली पहिली. 1970 च्या दशकात सगळी बंद केली, रूळ उचलले, आणि तिच्या भरावावरून आता ईस्ट कोस्टचा रस्ता जातो, पत्त्यात अजून रेल्वे एम्बँकमेंट म्हणतात. कोणी एम्बँकमेंटला भेट म्हणाला तर स्टेशन शोधत बसू नका.

ज्यांची साइट आत आहे त्यांनी वेगळी बॅग भरायची, खरंच वेगळी. जॉर्जटाऊन ते लिंडन शंभरेक किलोमीटर डांबरी, झोपून जा. लिंडनच्या पुढे ब्राझीलच्या सीमेवरच्या लेथेमपर्यंत साडेचारशे किलोमीटर लाल मातीचा रस्ता, जंगल, माबुरापर्यंतचा भाग डांबरी करायचं काम चालू, आणि कुरुपुकारीला एसेक्विबो पुन्हा आडवी येते, तिथे पॉन्टूनवर, म्हणजे तराफ्यावर, गाडी चढवायची. पॉन्टून रात्री चालत नाही, त्यामुळे उशीर झाला की काठावरच मुक्काम. हॅमॉक आणि मच्छरदाणी हवी, पाणी हवं, दोन वेळचं खाणं हवं, टॉर्च डोक्याला बांधायचा. मे ते ऑगस्ट पाऊस, तेव्हा पंधरा तासांचा प्रवास दोन दिवसांचाही होतो आणि ट्रक रुतला की सगळे उतरून ढकलतात, साहेब असो की हेल्पर. नेटवर्क लिंडन सोडलं की गेलंच समजा, मधे एखाद्या गावाजवळ येतं आणि जातं. म्हणून निघायच्या आधी मॅप ऑफलाइन डाउनलोड, साइटच्या माणसाला निघालो असा मेसेज, आणि घरी आधीच सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागणार नाही. मी सांगितलं नव्हतं, बायकोने कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसात जाऊन गोंधळ घातला होता. ब्राझीलहून लेथेममार्गे जॉर्जटाऊनपर्यंत फायबर टाकायचा सरकारी प्रयत्नही ह्याच रस्त्याने झाला होता, पैसे गेले, केबल कामाची राहिली नाही. आता आतल्या गावांत सॅटेलाइट इंटरनेट बसलंय, हेल्थ सेंटर किंवा शाळेजवळ थांबलं की सिग्नल मिळतो. लेथेमला पोचलात की टकुटू नदीचा 2009 चा पूल बघायला जा, पलीकडे ब्राझील, गाड्या उजवीकडून, आणि डावी-उजवी बदलायला रस्त्यांचीच एक गाठ मारलेली आहे, आमच्या धंद्यातल्या माणसाने फोटो काढल्याशिवाय परत येऊ नये.

विमानाने आत जायचं असेल तर ओगलच्या छोट्या एअरपोर्टवरून. तिथे बॅगेबरोबर तुमचंही वजन करतात, सगळ्यांसमोर. सामान साधारण 20 पाउंड म्हणजे नऊ किलो, त्यामुळे सेफ्टी शूज पायातच घाला, हेल्मेट हातात. ढग खाली असले तर विमान उडत नाही, त्या दिवशीचं काम दुसऱ्या दिवशी, तक्रार कोणाकडे करायची सोय नाही. वाटेत कायेतूर धबधबा दिसला तर नशीब, 226 मीटर सरळ खाली.

खाण्याचं टेन्शन घेऊ नका, 1838 पासून आपले लोक इथे आहेत, डाळ, तांदूळ, मसाला सगळं मिळतं, दालपुरी तर कोपऱ्याकोपऱ्यावर. गोडा मसाला आणि मेतकूट मात्र आणा, माझ्यासाठी पण एक पाकीट. आणि ते पिवळं कार्ड चेक-इनच्या बॅगेत नाही, पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा, मुंबईला उतरल्यावर इमिग्रेशनच्या आधीच मागतात.