अडीचशे फ्रेमचे दहा सेकंद

अंधेरीतल्या एका छोट्या स्टुडिओत रोटो-पेंटला (व्हिडिओतल्या नकोशा गोष्टी फ्रेमगणिक पुसायच्या कामाला) लागलो, तेव्हा हातात आलेला पहिला शॉट दहा सेकंदांचा होता. जाहिरातीतली बाई कॅमेऱ्याकडे बघून बोलतेय आणि पदराच्या कडेने कपड्याला लावायच्या लेपल माइकची वायर डोकावतेय. वायर पुसायची. क्लिप २५ एफपीएसची (सेकंदाला २५ फ्रेम), म्हणजे २५० फ्रेम. पीएनजी सिक्वेन्स काढला, म्हणजे प्रत्येक फ्रेमची वेगळी चित्रफाइल केली, दोन दिवस मान मोडून एकेक फ्रेम पेंट केली, आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये परत घेतली आणि फाइल पाठवून दिली. तासाभरात एडिटरचा फोन: "अरे, बाईचं बोलणं संपायच्या आधीच तिचं तोंड मिटतंय!"

मला वाटलं, फ्रेम गाळल्या. मोजल्या तर २५० च्या २५०. शेजारच्या दादाने खुर्ची सरकवली, एक नजर टाकली आणि विचारलं, "इंटरप्रिट फुटेज बघितलंस?" फुटेज कुठल्या वेगाने धरायचं ते या सेटिंगमध्ये ठरतं. तिथे ३० होतं. आफ्टर इफेक्ट्स इमेज सिक्वेन्स मुळात ३० नेच घेतं, सेटिंग आपण बदलायचं असतं. अडीचशे फ्रेम ३० च्या वेगाने धावल्या तर साधारण सव्वाआठ सेकंदांत संपणारच. २५ टाकलं, प्रश्न मिटला.

यात नवख्यांनी लक्षात घ्यायचं ते एवढंच, की पीएनजीच्या ढिगाला स्वतःचा वेग माहीत नसतो आणि आवाज तर नसतोच. आवाज वेव्ह फाइल म्हणून आधीच वेगळा काढून ठेवा.

मग सुट्या फ्रेम काढायचा हा खटाटोप कशाला? एच.२६४ सारख्या आवळलेल्या व्हिडिओ फाइलमध्ये बहुतेक फ्रेम पूर्ण साठवलेल्या नसतात, आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच असतं. त्यामुळे मधलीच एक फ्रेम दुरुस्त करून परत बसवता येत नाही. सिक्वेन्समध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र. १८० व्या फ्रेमला रेंडर (तयार फ्रेम फाइलमध्ये काढायचं काम) कोसळला तरी तिथूनच पुढे चालू.

किंमत मोजावी लागते ती जागेची. फुल एचडीची ८ बिट (प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा) फ्रेम कॉम्प्रेशनशिवाय सहा एमबीच्या वर जाते. पीएनजी ती थोडी आवळतं, पण कॅमेऱ्याचा ग्रेन (बारीक दाणे) असेल तर फार नाही. म्हणून जेपेगचा मोह होतो. बघण्यापुरतं ठीक, पण पेंट करून परत परत सेव्ह कराल तर दरवेळी चित्र थोडं खराब होतं, आणि जेपेगला अल्फाही (पारदर्शकतेची माहिती) नाही. लॉगमध्ये (कॅमेऱ्याच्या फिक्या, कमी कॉन्ट्रास्टच्या मोडमध्ये) शूट केलेलं असेल तर ८ बिट पीएनजीही नको. ग्रेडिंगमध्ये, म्हणजे रंग बसवताना, आकाशात पट्ट्या दिसतात. तिथे जास्त बिटचे डीपीएक्स किंवा ईएक्सआर हे फॉरमॅट.

नंबर चार आकडी ठेवा आणि १००१ पासून सुरू करा. नुसते १, २, ३ दिले तर काही सॉफ्टवेअर १ नंतर १० आणि मग १०० उचलतात. १००१ का, हे मला एडिटरने पुढच्या बाजूला आठ फ्रेम जास्तीच्या मागितल्या तेव्हा कळलं. ०९९३ पासून काढल्या, आधीच्या एकाही फाइलचं नाव बदलावं लागलं नाही.

मोबाइलवरचं फुटेज आलं तर आधी फ्रेमरेट तपासा. तो बऱ्याचदा कमीजास्त होत असतो. आधी स्थिर करून घ्या आणि मगच फ्रेम काढा, नाहीतर ओठ आणि आवाज हळूहळू फाकत जातात. याच्यावर माझी एक अख्खी रविवारची सुट्टी गेली आहे.

पाठवताना हजारो सुट्या फाइल पेनड्राइव्हवर ओढू नका, जीव जातो. एक झिप करा, कॉम्प्रेशन बंद ठेवून. आणि पाठवण्याआधी फाइल मोजा. मधली एक जरी राहिली तरी आफ्टर इफेक्ट्स तिच्या जागी रंगीत पट्टे दाखवतं, आणि ते क्लायंटसमोर दिसलेले बरे नाहीत.

माझ्या प्रत्येक फोल्डरमध्ये आता एक टेक्स्ट फाइल असते: "२५ एफपीएस, १००१ ते १२५०, आवाज वेगळा." उघडून कोणी वाचत नसावं, कारण फोन अजून येतोच. फक्त आता मी त्यांना फाइल उघडायला सांगतो.