गोल्ड आयआरएची फी कशी वाचावी: अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी

अमेरिकेत पहिली नोकरी बदलली की जुन्या कंपनीतल्या ४०१-के या निवृत्ती-बचत खात्याचे काय करायचे, हा प्रश्न बहुतेकांपुढे उभा राहतो. त्याच सुमारास ही रक्कम गोल्ड आयआरएमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष सोने ठेवता येणाऱ्या वैयक्तिक निवृत्ती खात्यात, वळवण्याच्या जाहिराती समोर येऊ लागतात. सोन्यावरचा विश्वास आपण घरूनच घेऊन आलेलो असल्यामुळे सही लवकर होते आणि फीचा तक्ता वाचायचा राहून जातो. माझा आक्षेप सोन्याला नाही. हिशोब न मांडता खाते उघडण्याला आहे.

या खात्यात तुमचे पैसे तीन जणांकडे जातात. सोने विकणारा व्यापारी पहिला, खाते सांभाळणारा कस्टोडियन दुसरा आणि तिजोरी असलेली डिपॉझिटरी तिसरी. खात्यातले सोने स्वतःच्या घरी ठेवता येत नाही. तसे ठेवणाऱ्या एका दांपत्याच्या प्रकरणात टॅक्स कोर्टाने २०२१ मध्ये ते सोने खात्यातून काढल्याचे मानून त्यावर कर लावला. आईने दिलेल्या बांगड्याही यात घालता येत नाहीत, कारण वार्षिक भरणा रोखच करावा लागतो आणि दागिने नियमांत बसत नाहीत. सोने साधारणपणे ९९५ शुद्धतेचे लागते. अमेरिकन ईगल हे २२ कॅरटचे नाणे मात्र कायद्यानेच अपवाद ठरवले आहे.

कस्टोडियनची वार्षिक फी आणि तिजोरीचे भाडे हे दोन आकडे कागदावर स्पष्ट दिसतात. ते ठरावीक रकमेचे आहेत की शेकडेवारीने, हे आधी पाहावे. दोन्ही मिळून वर्षाला २५० डॉलर होतात असे धरले, तर १०,००० डॉलरच्या खात्यावर तो अडीच टक्के भार होतो आणि १,००,००० डॉलरच्या खात्यावर केवळ पाव टक्का. म्हणजे ठरावीक फी लहान खात्याला जाचते, तर शेकडेवारीची फी सोने वाढेल तशी वाढत जाते. तुमची नाणी इतरांच्या नाण्यांपासून वेगळी ठेवायची असतील तर भाडे बहुधा जास्त पडते.

खरी मोठी फी मात्र या तक्त्यात नसतेच. सराफाकडे आपण दिवसाचा भाव आणि घडणावळ वेगवेगळी विचारतो. इथेही बाजारभाव आणि त्यावर व्यापाऱ्याने चढवलेली रक्कम वेगळी करून मागावी. समजा, नाणी बाजारभावापेक्षा आठ टक्के चढ्या दराने मिळाली आणि तोच व्यापारी ती बाजारभावापेक्षा दोन टक्के कमी देऊन परत घेतो. तर १०,००० डॉलर गुंतवल्यावर तुमच्या हाती सुमारे ९,२५९ डॉलरचे सोने येते आणि त्याच दिवशी विकल्यास सुमारे ९,०७४ डॉलर मिळतात. वार्षिक फी बाजूला ठेवली, तरी नुसती मुद्दल परत मिळण्यासाठी सोन्याचा भाव दहा टक्क्यांहून अधिक चढावा लागतो. 'दुर्मीळ' किंवा 'संग्राह्य' म्हणून खपवल्या जाणाऱ्या नाण्यांवर हा फरक याहून कितीतरी मोठा असू शकतो. ती घेऊच नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या वर्षाची फी माफ किंवा चांदी मोफत असा देकार आला, तर तो खर्च नाण्याच्या दरातच धरला आहे का हे तपासावे.

म्हणून प्रत्येक व्यापाऱ्याला एकच प्रश्न लेखी विचारावा: माझ्या १०,००० डॉलरमध्ये कोणत्या नाण्याचे किती औंस सोने येईल, आणि तेच आज विकले तर किती डॉलर मिळतील? येथील औंस ३१.१ ग्रॅमचा असतो. दोन-तीन ठिकाणची उत्तरे एकाच दिवशी घ्यावीत, कारण भाव रोज हलतो.

तुलनेत गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात घेता-विकता येणारा सोन्याचा फंड, हाही धरावा. तो साध्या आयआरए खात्यात घेता येतो. अशा फंडांपैकी जीएलडीचा वार्षिक खर्च ०.४० टक्के आणि जीएलडीएमचा ०.१० टक्के आहे, म्हणजे १०,००० डॉलरवर अनुक्रमे ४० आणि १० डॉलर. प्रत्यक्ष नाणे आपल्या नावावर असावे असा आग्रह नसेल, तर नव्याने आलेल्या कुटुंबाला मी हाच मार्ग सुचवतो.

काही वर्षांनी भारतात परतण्याचा विचार असेल, तर खाते बंद करण्याची फी, सोने विकण्याचा किंवा घरी पाठवण्याचा खर्च आणि त्यावरील विमा हे आकडे खाते उघडण्याआधीच लेखी घ्यावेत. साडेएकोणसाठ वर्षांच्या आत रक्कम काढल्यास कराखेरीज सहसा दहा टक्के दंडही लागतो, तो याच हिशोबात मिळवावा.