घोडदळावर निबंध लिहिताय? या चुका टाळा

साताऱ्यातल्या इतिहास निबंधस्पर्धांचे गठ्ठे मी बरीच वर्षं तपासतोय. घोडदळाचा विषय आला की पहिल्याच पानावर ठरलेलं वाक्य भेटतं: ‘तोफा आल्या आणि घोडदळ संपलं.’

असं नका लिहू. बाबराने पानिपतावर तोफा डागल्या १५२६ मध्ये, आणि मराठ्यांचं घोडदळ भरात आलं त्यानंतर दीडशे-दोनशे वर्षांनी. बैलांनी ओढायची जड तोफ घोड्याच्या मागे कितीशी धावणार? १७२८ मध्ये पालखेडला पहिल्या बाजीरावांनी निजामाला जेरीस आणलं ते पाणी आणि रसद तोडून. अर्थात तोफेच्या माऱ्यात सापडलेला स्वार उघडाच. आपल्या तळबीडचे सरसेनापती हंबीरराव मोहिते १६८७ मध्ये वाईजवळच्या लढाईत तोफेचा गोळा लागूनच पडले. दोन्ही गोष्टी खऱ्या, दोन्ही लिहा. घोडदळाचा वरचष्मा खरा मोडला तो कवायती पायदळाने. संगीन लावलेल्या बंदुका, एका हुकमावर झडणाऱ्या फैरी आणि सोबत हलवता येणाऱ्या हलक्या तोफा. १८०३ ला असईत इंग्रजांविरुद्ध शिंद्यांकडे स्वार हजारो होते, पण लढाईचा भार पडला कंपू (म्हणजे कवायती पायदळाच्या पलटणी) आणि तोफखान्यावर.

बारगीर आणि शिलेदार यांची अदलाबदल तर दर वर्षीची. घोडा कोणाचा, एवढं विचारा. सरकारी पागेतला असेल तर बारगीर, स्वतःचा असेल तर शिलेदार.

उपसलेल्या तलवारीवर तीन पानं आणि चारा-पाण्यावर एक ओळ नाही, हे मला सगळ्यात खटकतं. शिवकाळात पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी (पखालीतून पाणी आणणारा) आणि एक नालबंद असे. नाल निखळलेला घोडा ठोसेघरच्या खडकाळ वाटेवर कल्पून बघा, नालबंद कशाला ते कळेल. पावसाळ्यात फौज छावणीला, दसऱ्याला मुलूखगिरीवर. हे वेळापत्रकही त्या घोड्याचंच.

शेवट करताना घोडदळाला १८५७ मध्येच पुरू नका. २३ सप्टेंबर १९१८ ला जोधपूर आणि म्हैसूरच्या भालाईत स्वारांनी मशीनगनचा मारा झेलत आजच्या इस्रायलमधलं हैफा घेतलं. पुढे घोडे गेले, रणगाडे आले, रेजिमेंटांची नावं मात्र तीच राहिली. १९६५ मध्ये पूना हॉर्सचे परमवीरचक्र विजेते लेफ्टनंट कर्नल तारापोर सेंच्युरियन रणगाड्यातून लढले. एका मुलीने त्यांना पांढऱ्या घोड्यावर बसवलं होतं. गुण कापताना जिवावर आलं.