अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचं जजमेंट कसं वाचायचं: मॅकिंटॉश केस घेऊन

सुरुवात पहिल्या पानापासून करू नका, म्हणजे ते वाचा, पण तिथे अडकू नका, कारण सुरुवातीला जो सिलॅबस असतो तो कोर्टाच्या रिपोर्टरने (पत्रकार नाही, निकाल छापणारा कोर्टाचाच अधिकारी) केलेला सारांश असतो, निकाल नाही, त्यातलं वाक्य उचलून कोट केलंत तर पोपट होतो.

आधी रूल काढा. इथे फेडरल क्रिमिनल प्रोसिजरचा, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय कोर्टांतल्या फौजदारी खटल्यांच्या नियमांतला, रूल 32.2, म्हणजे जप्ती. शिक्षा सुनावायच्या पुरेसं आधी जजने जप्तीची प्राथमिक ऑर्डर काढायची असं त्यात आहे, व्यवहार्य नसेल तर गोष्ट वेगळी. मॅकिंटॉशवर दरोड्यांचा खटला होता, 75,000 डॉलर आणि एक बीएमडब्ल्यू जप्त करायची होती आणि ती ऑर्डर आधी निघालीच नाही. मग आता जप्ती रद्द का?

आता खरी गंमत. मुदत चुकली की काय होतं ते शोधा. कोर्ट मुदती तीन प्रकारच्या मानतं: एक चुकली की कोर्टाचा अधिकारच जातो, दुसरीत समोरच्याने वेळेत हरकत घेतली तर काम अडतं, आणि तिसरी जजला फक्त लवकर आटपा म्हणून सांगणारी. 17 एप्रिल 2024 ला कोर्टाने एकमताने सांगितलं की ही तिसरी, सो जप्ती टिकली. रूलमध्ये ‘मस्ट’ आहे बरं का, पण मुदत चुकल्यावर काय ते लिहिलेलंच नाही, आणि निकाल तिथेच फिरतो.

जस्टिस सोटोमायोर यांनी लिहिलंय, भाषा सोपी आहे. तळटीपा मात्र सोडू नका.