चिल्लरच्या पिशवीतली परदेशी नाणी

चिल्लरमध्ये मिसळलेली परदेशी नाणी शोधायची, तर बँकेत टांकसाळीची सीलबंद पिशवी घेऊ नका, तिच्यात नवी कोरी नाणीच असणार. लोकांनी जमा केलेली, फिरलेली चिल्लर मागा. महिन्याची पहिली तारीख टाळा. पुण्यात तुळशीबाग, मंडईतले दुकानदारही सुटे देतात.

घरी दहा-दहाच्या चळती लावून कडेने पाहा. वेगळी जाडी लगेच खुपते. मग लोहचुंबक फिरवा: अलीकडची एक-दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची, चिकटतात. न चिकटलेली बाजूला काढा. जुने अकरा कोनी दोन रुपये तांबे-निकेलचे, तेही चिकटत नाहीत, म्हणून फसू नका.

दहा रुपयांच्या नाण्यांच्या ढिगात खरी गंमत. आपल्या नाण्याची कड पिवळी, मधला भाग पांढरा, व्यास २७ मिमी. थायलंडचे १० बाट २६ मिमीचे, पण रंग उलटे. १ युरोचे रंग आपल्यासारखेच. मात्र व्यास २३.२५ मिमी, म्हणून चळतीत आत बुडालेले दिसते. कॉफीची सुरई आणि अरबी अक्षरे दिसली, तर तो संयुक्त अरब अमिरातीचा दिरहम.

सापडलेले नाणे चिंचेने घासू नका, चकाकते पण किंमत जाते. काढून घेतलेल्या नाण्यांच्या जागी ढिगात तितकी भर घालून उरलेली चिल्लर परत करा.