जुनी बेसबॉल कार्डं आणि संघांचे फोटो: निवड, पारख, जपणूक

सुरुवात एका संचापासून किंवा एका संघापासून करा. खेळाडूंची चित्रं असलेल्या या कार्डांच्या संचात प्रत्येक कार्डाला बहुधा क्रमांक असतो. काय मिळालं, काय राहिलं, हे यादीवर खूण करून कळतं. अमेरिकी संघांनी चाहत्यांसाठी काढलेल्या फोटोंवर मात्र अनेकदा ना क्रमांक असतो ना साल. तिथे यादी स्वतःच उभी करावी लागते. म्हणून आधी कार्डांवर नजर तयार करावी आणि मग फोटोंकडे वळावं.

नवख्याला टॉप्स या अमेरिकी कंपनीचा 1952 चा संच खुणावतो. त्यात 407 कार्डं आहेत, पण 311 ते 407 ही शेवटची मालिका दुर्मीळ आणि महाग. यांकीज संघाच्या मिकी मँटलचं प्रसिद्ध कार्ड 311 क्रमांकाचंच. संच तिथे येऊन वर्षानुवर्षं अडकतो. त्यापेक्षा 1956 चा टॉप्स घ्या. 340 क्रमांकित कार्डं, मोठा आकार, आडवी चित्रं. मँटल, टेड विल्यम्स, रॉबर्टो क्लेमेंटे, सँडी कोफॅक्स सगळे त्यात आहेत. तंबाखूच्या पाकिटातून आलेली 1909 ते 1911 ची टी 206 कार्डं आवडत असतील, तर होनस वॅग्नर या खेळाडूचं अतिदुर्मीळ, महागडं कार्ड विसरा आणि साध्या खेळाडूंपासून सुरू करा. मागच्या बाजूला तंबाखूच्या सोळा ब्रँडांच्या जाहिराती आढळतात. त्यांतल्या पीडमाँट आणि स्वीट कॅपोरल सर्वाधिक दिसतात, त्यामुळे त्याच स्वस्त पडतात. टी 206 हे नाव संग्राहक जेफरसन बर्डिक यांनी केलेल्या कार्डांच्या सूचीतलं आहे: टी म्हणजे विसाव्या शतकातलं तंबाखूचं कार्ड, आर म्हणजे च्युइंगगम आणि गोळ्यांबरोबरचं. गौडी या च्युइंगगम कंपनीचा 1933 चा संच या सूचीत आर 319 आहे.

दर्जाच्या आकड्यामागे, म्हणजे कार्डाच्या अवस्थेला 1 ते 10 मध्ये मिळणाऱ्या गुणांमागे, धावू नका. कोपरे गोल झालेलं, पण चित्र स्वच्छ आणि छाप मध्यावर असलेलं 3 दर्जाचं कार्ड, एका बाजूला सरकलेल्या छापाच्या 5 दर्जाच्या कार्डापेक्षा पाहायला कितीतरी छान असतं. शिवाय पैसेही कमी लागतात.

कार्ड हातात आल्यावर

दहापट भिंग, व्हर्नियर कॅलिपर, यूव्ही (अतिनील किरणांचा) टॉर्च आणि त्याच संचातलं एक खात्रीचं स्वस्त कार्ड एवढं जवळ ठेवा. चौथी गोष्ट सगळ्यांत मोलाची. शंका असलेलं कार्ड त्याच्या शेजारी ठेवलं, की पुठ्ठ्याचा रंग, जाडी, चकाकी यांतला फरक लगेच दिसतो.

आधी मोजा. टी 206 साधारण 36.5 × 66.7 मिमी, 1933 चं गौडी 60.3 × 73 मिमी, 1952 ते 1956 ची टॉप्स 66.7 × 95.3 मिमी आणि 1957 पासूनची टॉप्स 63.5 × 88.9 मिमी. 1983 मध्ये टॉप्सने 1952 च्या संचाची पुनर्मुद्रित आवृत्ती काढली ती या लहान आकारात, त्यामुळे ती मापातच पकडली जाते. अर्धा मिलिमीटर कमी भरलं म्हणून लगेच बनावट ठरवू नका. त्या काळची कापणीच ओबडधोबड होती, आणि टी 206 मधली अमेरिकन ब्यूटी या ब्रँडची कार्डं मुळातच अरुंद असतात. कार्ड कापलेलं आहे का, हे कडाच सांगते. चार कडांपैकी एकच ताजी, पांढरी आणि धारदार असेल, किंवा बाजू मधोमध किंचित आत वळलेली असेल, तर खराब कोपरे लपवण्यासाठी कोणीतरी पातं फिरवलंय. जगातलं सर्वांत गाजलेलं वॅग्नर कार्डही असंच कापलेलं होतं, हे 2013 मध्ये अमेरिकी न्यायालयात कबूल झालं.

मग भिंग. अस्सल टी 206 वर खेळाडूचं नाव आणि चित्राभोवतीची काळी रेघ सलग शाईची असते. कार्ड स्कॅन करून छापलेलं असेल, तर तीच अक्षरं ठिपक्यांची बनलेली दिसतात. ही एक चाचणी बहुतेक नकला उघड्या पाडते. शेवटी अंधारात यूव्ही टॉर्च मारा. कागद उजळ करणारी रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास वापरात आली, म्हणून 1910 चं म्हणवणारं कार्ड निळसर पांढरं झळाळलं तर ते घेऊ नका. झळाळलं नाही म्हणून मात्र अस्सल ठरत नाही. जुना कोरा कागद आजही मिळतो.

संघाचे फोटो: साल कसं काढायचं

इथेही पहिलं काम भिंगाचं. ठिपके दिसले तर ते छापील चित्र, सलग करडी छटा दिसली तर खरा फोटो. दोन्ही अस्सल असू शकतात, पण किंमत वेगळी. स्टेडियमवर लिफाफ्यात विकले जाणारे संच बहुधा छापीलच असत. ‘जे पब्लिशिंग’ या प्रकाशन कंपनीचे 1958 ते 1965 मधले कृष्णधवल संच त्यातले: साधारण 5 × 7 इंच, लिफाफ्यात बारा चित्रं. मूळ लिफाफा असेल तर तो वेगळा करू नका.

साल ठरवायला संचातल्या प्रत्येकाची त्या संघातली वर्षं लिहा आणि सगळ्यांना सामाईक वर्ष शोधा. उदाहरणार्थ, यांकीजच्या संचात रॉजर मॅरिस आहे, म्हणजे 1960 ते 1966. त्यातच व्यवस्थापक म्हणून केसी स्टेंगल असेल, तर 1960 हेच साल उरतं, कारण त्या मोसमानंतर स्टेंगल गेले. ही पद्धत संच अभंग असेल तरच चालते. विक्रेते दोन वर्षांची चित्रं एकत्र करतात, म्हणून बाराही चित्रांचा कागद, समासाची रुंदी आणि नावाच्या अक्षरांचं वळण जुळतं का ते पाहा.

सुटा फोटो असेल तर टोपी बघा. डॉजर्स संघाच्या टोपीवर एलए (लॉस एंजेलिस) ही अक्षरं 1958 पासून, ब्रेव्ज संघ 1953 मध्ये बॉस्टनहून मिलवॉकीला गेला, सेंट लुईसचे ब्राउन्स 1954 मध्ये बाल्टिमोरचे ओरिओल्स झाले. फोटो पोस्टकार्डावर असेल आणि त्याच्या पाठीवर पाच आकडी झिप कोड (अमेरिकेतला पिन कोड) छापलेला असेल तर ते 1963 च्या आधीचं नाही. फोटो काढल्याचं साल आणि प्रत छापल्याचं साल मात्र एकच धरू नका. मूळ निगेटिव्हवरून फोटो काढल्यापासून साधारण दोन वर्षांत काढलेल्या प्रतीला बाजारात ‘टाइप 1’ म्हणतात आणि तीच सर्वांत महाग असते. 1940 च्या दशकातला खेळाडू प्लास्टिकचा थर असलेल्या गुळगुळीत कागदावर दिसला, तर ती खूप नंतरची प्रत आहे.

पोस्टकार्डावरची सही बघताना फोटो तिरका धरा. हाताने केलेल्या सहीची शाई पृष्ठभागावर वेगळी चमकते. छापील सही चित्राच्याच थरात असते, आणि संघ चाहत्यांना पाठवत त्या कार्डांवर बऱ्याचदा अशीच सही असे.

साफसफाई आणि साठवण

वहीत चिकटवलेलं टी 206 सोडवायचं असेल तर कार्डाभोवती वहीचं पान कापून घ्या आणि ते सामान्य तापमानाच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवा. अर्ध्या तासाने पाहा. कागद आपोआप सरकला तर ठीक, नाही तर पाणी बदलून थांबा. ओढलंत तर मागची जाहिरात कागदाच्या पापुद्र्यासकट निघते. मग टीपकागदाच्या दोन थरांत ठेवून वर जड पुस्तक ठेवा आणि टीपकागद ओला झाला की बदला. दोन दिवस तरी काढू नका, अर्धवट सुकलेलं कार्ड वाकतं. आधी एखाद्या स्वस्त कार्डावर हात बसवा. चकचकीत लेपाच्या कार्डांवर आणि खऱ्या फोटोंवर हा प्रयोग मुळीच करू नका. फोटोवरचा जिलेटिनचा थर पाण्यात फुगतो आणि सुटतो. विकताना कार्ड भिजवलं होतं हे सांगा.

ठेवताना कार्ड आधी मऊ पेनी स्लीव्हमध्ये (पातळ प्लास्टिकच्या पिशवीत), मग कडक टॉपलोडरमध्ये (वरून उघड्या प्लास्टिकच्या खोळीत). आकार जुळणारा घ्या; मोठ्या टॉपलोडरमध्ये टी 206 आत हलत राहतं आणि कोपरे झिजतात. पीव्हीसी प्लास्टिकची पानं टाळा, ती काळाने चिकट होतात. पॉलिप्रॉपिलीन किंवा मायलर (पारदर्शक पॉलिस्टर) घ्या. फोटो मायलरमध्ये, मागे आम्लरहित पुठ्ठा घालून ठेवा आणि दोन फोटोंचे चेहरे कधी एकमेकांना लावू नका. दमट हवेत ते असे चिकटतात की सुटत नाहीत. आर्द्रता 30 ते 50 टक्के असावी आणि थेट ऊन लागू नये. मागच्या बाजूला पेनाने काही लिहू नका. तारीख, विक्रेता, किंमत आणि साल ठरवण्याचं कारण, हे सगळं वेगळ्या वहीत, स्लीव्हवरच्या क्रमांकाशी जोडून लिहा.