सुरुवात सहाव्या युनिक्सपासून करावी

जुन्या संगणक प्रणाली इम्युलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) चालवून पाहू इच्छिणारे विद्यार्थी बहुधा डॉसपासून सुरुवात करतात. मी मात्र रत्नागिरीत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना बेल प्रयोगशाळेच्या युनिक्स या प्रणालीच्या १९७५ सालच्या सहाव्या आवृत्तीपासून सुरुवात केली आणि नवख्याला आजही तोच मार्ग सुचवीन. गुहागरजवळच्या आमच्या वाडीत पावसाळ्यात मोबाइलची रेंज पडवीच्या एकाच कोपऱ्यात मिळते; ही प्रणाली मात्र जेमतेम अडीच मेगाबाइटच्या आरके-०५ डिस्कवर मावत असल्याने तिची प्रतिमा (डिस्कची हुबेहूब नक्कल असलेली फाइल) तेथेही चटकन उतरली. युनिक्सचे हक्क असलेल्या कॅल्डेरा कंपनीने जानेवारी २००२ मध्ये जुन्या आवृत्त्या मुक्त परवान्याने खुल्या केल्या असल्यामुळे कायद्याची अडचणही नाही. शिवाय तिचे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, दहा हजार ओळींच्या आत आहे, म्हणजे गणपतीच्या सुट्टीत वाचायला घेतले तर दिवाळीपर्यंत नक्की संपते.

इम्युलेटर म्हणून बॉब सुपनिक यांचा सिमएच घ्यावा. त्यात पीडीपी-११/४० हे त्या काळचे संगणक-यंत्र निवडून डिस्कची प्रतिमा जोडली आणि बूट करण्याची (प्रणाली सुरू करण्याची) आज्ञा दिली की पडद्यावर केवळ '@' हे चिन्ह येते. तेथे 'युनिक्स' हा शब्द रोमन लिपीत टंकित करायचा असतो, हे ठाऊक नसल्याने मी पहिल्या दिवशी यंत्र अडकले असे समजून तीनदा बंद केले.

खरी परीक्षा कळफलकाची होते. या प्रणालीत अक्षर खोडण्यासाठी '#' आणि संपूर्ण ओळ रद्द करण्यासाठी '@' वापरतात. माझ्या लॅपटॉपची बॅकस्पेस कळ जो संकेत पाठवते, त्याचा अर्थ येथे 'चालू काम थांबव' असा होतो. त्यामुळे एडिटरमध्ये एक अक्षर सुधारायला गेलो की लिहिण्याचे कामच मोडायचे आणि उत्तरादाखल एक प्रश्नचिन्ह मिळायचे. लॉगिनच्या वेळी कॅप्स लॉक चालू राहिला तर आपले टर्मिनल फक्त मोठ्या अक्षरांचे आहे असे प्रणाली गृहीत धरते आणि पुढचे सारे मोठ्या अक्षरांतच छापते. बिचारीचा दोष नाही. त्या काळी तशी टेलिटाइप यंत्रे खरोखरच होती.

जुलैच्या एका रात्री वारा सुटला, वीज गेली आणि बॅटरी मेलेला माझा लॅपटॉप फाइल लिहिली जात असतानाच बंद पडला. दुसऱ्या दिवशी 'आयचेक' आणि 'डीचेक' या तपासणीच्या आज्ञांनी इतक्या तक्रारी छापल्या की मला मूळ प्रतिमा पुन्हा उतरवावी लागली आणि आठवड्याचे काम गेले. तेव्हापासून मी इम्युलेटर थांबवण्यापूर्वी 'सिंक' ही स्मृतीतली माहिती डिस्कवर लिहून टाकणारी आज्ञा देतो आणि थांबवल्यावर प्रतिमेची तारखेनिशी प्रत काढून पेनड्राइव्हवर ठेवतो.

महिनाभराने १९७९ च्या सातव्या आवृत्तीकडे वळावे. तेथे डिरेक्टरी बदलण्यासाठी 'सीडी' ही दोन अक्षरांची आज्ञा भेटते, पण माझी बोटे अजूनही सहाव्या आवृत्तीच्या सवयीने 'सीएचडीआयआर' टंकित करतात.